वस्तादांची मूठभर माती

मंगळवार पेठेतल्या आण्णा वस्तादांच्या घरात चार महिने एकच विषय चालला होता, नातवाचे गाल. राजवीर नऊ महिन्यांचा. हसला की बघणाऱ्यानं हातातलं काम सोडावं असं गोड पोरगं! पण दोन्ही गाल लालभडक, त्यांवर खरखरीत खपल्या, आणि कोपर-गुडघ्यांच्या घड्यांत ओलसर चट्टे. पोर सारखं खाजवायचं. हातात मोजे घातले तर पायानं पाय घासायचं, आणि आईनं खांद्यावर घेतलं तर तिच्या खांद्यावरच गाल घासून घासून पदराला रक्त लावायचं.

असं काही घरात झालं की आपल्याकडं काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू? गल्लीतला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो! कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं दृष्ट. आण्णांच्या पत्नी चिमणाबाई यांचा तान्ह्या पोरांना न्हाऊ घालण्यात हातखंडा. त्यांनी पाणी आणखी कडक केलं आणि डाळीचं पीठ आणखी जोरात चोळलं. पोर टाहो फोडायचं. "रडू दे, मळ निघाय नगो?" असं म्हणून त्या दुसरा तांब्या ओतायच्या.

आण्णांचा मुलगा उदयसिंह यानं एकदा पोराला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं. त्यांनी इसब सांगितलं आणि मलम दिलं. चार दिवसांत गाल लोण्यासारखे मऊ झाले. झालं! चिमणाबाईंनी मलमाची नळी उचलून वरच्या फळीवर ठेवली. "इंग्रजी औषधाची सवय लागंल पोराला." पंधरा दिवसांत चट्टे परत आले, तर त्याचंही खापर मलमावरच फुटलं.

आणि उरलेलं सगळं खापर वर्षाराणीवर. सून ना ती! आधी तिची वांगी बंद झाली, मग अंडी, मग शेंगदाणे, मग दूध. पोराला अंगावर पाजणारी ती बाई भाकरी आणि आमटीच्या पाण्यावर दिवस काढत होती. डोळे खोल गेले, उभ्या उभ्या तोल जायला लागला, तरी पोराचा एक चट्टा म्हणून कमी झाला नाही. शेवटी आण्णांनी जेवताना निकाल दिला, "आमच्या खानदानात असलं कातडं कुणाचं न्हाय. ह्ये तुझ्या म्हायेरचं आलंय. पुढच्या ऐतवारी जयसिंगपूरला जा आणि तुझ्या आईबाला इचारून ये, कुणाला हाय त्ये."

वर्षाराणीनं पोराचे मोजे सारखे केले आणि ताट उचललं.

आता आण्णा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं पेठेतल्या तालमीचे वस्ताद. छाती अजून दारात अडेल अशी. तालमीच्या हौद्यातली तांबडी माती हे त्यांचं दैवत. ती माती साधी नव्हे. तिला ताक पाजलेलं, तेल पाजलेलं, हळद, कापूर आणि लिंबांचा रस मिसळलेला. आण्णा स्वतः लहान असताना त्यांच्या अंगावर असलेच चट्टे होते. पोरं त्यांना 'खरजुल्या' म्हणून चिडवायची. दहाव्या वर्षी ते तालमीत शिरले, माती अंगाला लागली आणि बाराव्या वर्षी कातडी साफ! त्या दिवसापासून आण्णांचा मातीवरचा विश्वास कधी हलला नाही. पेठेत कुणाला खरूज, नायटा, घामोळं काहीही झालं की माणसं वस्तादांकडं यायची आणि वस्ताद मूठभर माती कागदात बांधून द्यायचे.

हे 'खरजुल्या' प्रकरण घरात कुणाला माहीत नव्हतं बरं का! वस्तादांना ते सांगायची लाज वाटायची.

सोमवारी सकाळी आण्णांनी नातवाला खांद्यावर घेतलं. "जरा फिरवून आणतो गं," असं सुनेला म्हणाले आणि थेट तालमीत गेले. पोरं जोर मारून गेली होती. आण्णांनी ओंजळभर माती घेतली, तीत लिंबू पिळलं आणि पोराच्या कोपरांवर, गुडघ्यांमागं प्रेमानं चोळली. मग फडक्यानं पुसून घरी आणलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

गुरुवारी पोर तापानं फणफणलं. कोपराच्या घडीत पिवळा पू दिसायला लागला. पोर रडायचंही थांबलं आणि मान टाकून पडून राहिलं. वर्षाराणीनं कुणालाही न विचारता रिक्षा थांबवली. "मी दवाखान्यात चालले, येणाऱ्यांनी या," एवढंच म्हणाली. एवढ्या दिवसांत तिचा हा आवाज कुणी ऐकला नव्हता. सगळं घर तिच्या मागं धावलं.

मलम देणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाई, विद्याश्री, मूळच्या कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या. बोलणं तुटक, पण तपासताना हात पिसासारखा हलका. त्यांनी औषधी पाण्यात कापूस भिजवून कोपराची घडी अलगद पुसली. कापूस तांबडा झाला. रक्त असेल म्हणून त्यांनी तो उजेडात धरला, बोटांनी चुरला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही माती आहे. पोराच्या जखमेत माती कशी गेली?"

सगळ्यांआधी चिमणाबाई उसळल्या. "भुईवर टाकत असणार पोराला! मोबाईल बगत बसत असंल ही, दुसरं काय?"

"न्हाई ओ आत्ती! मी त्याला खाली ठिवलंच न्हाई. देवाशप्पथ सांगते!"

"मग माती काय उडून आली काय?" उदयसिंह बायकोवर ओरडला. "खरं बोल, वर्षा!"

दाराशी आण्णा उभे होते. आयुष्यात मोठमोठ्या पैलवानांना अंगावर घेतलेला माणूस. पण त्या घडीला सून रडत होती आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. चांगलं मिनिटभर बघत होते! हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं आयुष्यभर आण्णांना मातीपेक्षा त्या एका मिनिटाची लाज जास्त वाटली.

मग वर्षाराणीनं पोराचं तापलेलं कपाळ आपल्या गालाला लावलं आणि आण्णांना ते बघवेना.

"तिला काय बोलू नगा," ते म्हणाले. "माती मी लावली."

"काय?" चिमणाबाई त्यांच्याकडं वळल्या. "आवं, काय बोलताय तुमी?"

"तालमीतली. लिंबू पिळून. तीन दिस लावली."

"लिंबू?" डॉक्टर ताडकन उभ्या राहिल्या. "सोललेल्या कातडीवर लिंबू? तुमच्या बोटाला ब्लेडनं कापून त्यात लिंबू पिळलं तर तुम्ही काय कराल, वस्ताद? पोर रडलं नाही?"

"रडलं की." आण्णा म्हणाले. "लई रडलं. मला वाटलं, गुण येतोय."

अरे देवा! वर्षाराणीचं रडं थांबलं. एवढंच नव्हे, नर्ससुद्धा हातातली सुई घेऊन जागच्या जागी उभी राहिली. नऊ महिन्यांचं लेकरू कळवळून ओरडत होतं आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या आजोबानं त्या ओरडण्याला गुण समजावं!

डॉक्टर मात्र थांबल्या नाहीत. पोराला दाखल करून घेतलं, सलाइन लावलं, औषध चालू केलं. मग त्या आण्णांसमोर येऊन बसल्या. "वेळेवर आणलंत. हेच विष रक्तात पसरलं असतं तर पोराला वाचवणं मलाही अवघड गेलं असतं. तुमच्या मातीत शेकडो माणसांचा घाम पडतो. जंतू असणारच. धडधाकट पैलवानाचं कातडं ते बाहेर थोपवतं. ह्या पोराच्या कातडीला जागोजाग भेगा आहेत. दार सताड उघडं, आणि तुम्ही जंतू आत ढकललेत."

"पर बाई, मी ह्याच मातीनं बरा झालतो," आण्णा म्हणाले. आणि साठ वर्षं पोटात ठेवलेलं 'खरजुल्या' प्रकरण त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. चिमणाबाई आ वासून ऐकत राहिल्या.

"बाही वर करा," डॉक्टर म्हणाल्या. आण्णांच्या कोपराच्या आतली कातडी अजून जाड आणि सुरकुतलेली होती. "धूळ लागली की शिंका येतात?"

"ह्यास्नी?" चिमणाबाईच बोलल्या. "मी पीठ चाळलं तरी पन्नास शिंका देत्यात की! आणि ह्यांची आई दम्यानं गेली."

"मग आजोबा, तुम्हालाही इसबच होतं. पुष्कळ मुलांचं ते वय वाढेल तसं आपोआप कमी होतं. तुमचं कमी व्हायला आणि तुम्ही तालमीत जायला गाठ पडली. श्रेय मातीला मिळालं. असली नाजूक कातडी घराण्यातून येते. बापाकडून येईल, आईकडून येईल. यात दोष कुणाचाच नाही."

आमच्या खानदानात असलं कातडं कुणाचं न्हाय! जेवताना मोठ्या तोऱ्यात काढलेलं ते वाक्य आण्णांना आठवलं आणि त्यांनी बाही हळूच खाली ओढली.

"आणि आईचं काय खाणं बंद केलंय?" डॉक्टरांनी वर्षाराणीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "ही तर पांढरीफटक पडली आहे. आई उपाशी राहून पोराचे चट्टे जात नसतात. मी सांगितल्याशिवाय एकही पदार्थ बंद करायचा नाही. पोटभर जेवू घाला तिला, आणि पोराला पाजू द्या."

चिमणाबाईंनी चाचरत विचारलं, "आणि न्हाणं, बाई?"

"घाला की, आजी. पण कोमट पाणी आणि पाच-दहा मिनिटं, बास. डाळीचं पीठ नको, घासणं नको. मऊ कापडानं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर आहे तोवरच मी देते ते बिनवासाचं क्रीम भरपूर लावायचं. दिवसातून तीन-चारदा. मऊ सुती कपडे, नखं कापलेली. लाल चट्ट्यांवरचं मलम मी सांगेन तितके दिवस लावायचं. मनानं बंद करायचं नाही, मनानं वाढवायचंही नाही. हे येत-जात राहणार. आलं की घाबरायचं नाही. पण पू दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी इथं यायचं."

"दुसऱ्या पोरांना लागत न्हाय न्हवं?"

"नाही लागत. गल्लीतल्या बायकांना सांगा, खुशाल पोराला उचलून घ्या म्हणावं."

पाचव्या दिवशी राजवीर हसत घरी आला. चिमणाबाईंनी कुणी न सांगता फळीवरची मलमाची नळी काढली आणि डॉक्टरांची चिठ्ठी भिंतीला चिकटवली. त्या सकाळी त्यांनी पोराला न्हाऊ घातलं ते बोटांच्या टोकांनी. पोर पाण्यात थापट्या मारत हसत होतं. "आयुष्यात पयल्यांदा माझ्या हातात पोर न रडता न्हालं गं," असं म्हणून त्याच डोळे पुसायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात शाहूवाडीकडचा कृष्णात आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, मोनाला, घेऊन तालमीत आला. तिच्या मानेवर लाल चट्टे. "वस्ताद, मूठभर माती द्या."

"न्हाय," आण्णा म्हणाले.

जोर मारणारी पोरं थांबली. वस्ताद मातीला नाही म्हणतात?

"आवं, माझी खरूज तुमच्याच मातीनं गेलती की!"

"मला बी तसंच वाटत हुतं, कृष्णात. आणि त्या वाटण्यापायी मी माझा नातू घालवला असता!" आण्णांनी सगळ्यांसमोर जे घडलं ते सांगितलं. लिंबू सांगितलं, पोराचं रडणं सांगितलं, ते घड्याळाकडं बघितलेलं मिनिटसुद्धा सांगितलं. "ही माती कुस्तीची हाय. दवा न्हाय. आजपासनं एक चिमूट बी भाईर जायची न्हाय. चल, पोरीला घे. डॉक्टरीणबाईंकडं मी येतो तुझ्यासंगं."

ठरलेला रविवार दवाखान्यातच गेला होता. आता हा रविवार उजाडला. वर्षाराणी माहेरी जायला पिशवी भरत होती, तेवढ्यात आण्णा टोपी घालून दारात आले. "तू ऱ्हा घरात, पोरी. जेव पोटभर. जयसिंगपूरला मी जातो."

ते एकटे एसटीनं गेले. व्याही-विहिणींनी घाबरून पाट मांडला, पाणी दिलं. आण्णा बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि जिची साठ वर्षं लाज बाळगली ती कातडी व्याह्यांपुढं धरली.

"पावणं, तुमच्या लेकीला इचारायला धाडणार हुतो, कुणाच्या घरचं आलंय म्हणून. ह्ये बगा. माझ्या घरचं हाय. तिची काय चूक न्हवती. आणि माझी झाली, ती माफ करा."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. व्याही पुढं झाले आणि त्यांनी वस्तादांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या-माझ्या घरातही अशी एखादी मूठभर माती असतेच. कुठं ती डाळीच्या पिठाच्या रूपात असते, कुठं शेजारणीनं दिलेल्या डबीत असते, तर कुठं 'आमच्यात असं नसतं' या तोऱ्यात असते. ती आपण प्रेमानंच लावतो, यात शंका नाही. पण लेकराला नुसतं प्रेम पुरत नाही, त्याला जाणत्या माणसाचा सल्लाही लागतो. म्हणून लेकरू रडलं तर गुण येतोय म्हणू नका. त्याला दुखतंय! आणि त्याच्या आईकडं बोट दाखवायच्या आधी एकदा आपली बाही वर करून बघा.