टॅबिथाचं त्रेपन्नावं पान

हाल्डमनबाई अकराला येणार होत्या, आणि सव्वानऊला कोरिनच्या हाती टॅबिथाचं गणिताचं पुस्तक लागलं.

बाळ सोडून चार पोरं घरीच शिकवायची म्हटल्यावर दर जूनला हा दिवस ठरलेला. प्रत्येकाची फाईल लावायची, तीत वर्षाच्या सुरुवातीची, मधली नि शेवटची पानं घालायची. निवृत्त शिक्षिका हाल्डमनबाई येऊन ती चाळतात, पोरांशी बोलतात आणि ‘शिक्षण नीट झालं’ असं लिहिलेल्या कागदावर सही करून देतात. तिघांच्या फायली तयार होत्या. थोरल्या टॅबिथाची कोरिननं शेवटी ठेवली, कारण तिची काळजीच नव्हती. तेरा वर्षांची पोर, पण सगळं घर तिच्या जिवावर.

पुस्तक त्रेपन्नाव्या पानावर थांबलं होतं. वर तारीख ऑक्टोबरची. पुढची अडीचशे पानं कोरी करकरीत.

“टॅबी! इकडे ये आधी. हे काय गं?”

टॅबिथा बाळाला कडेवर घेऊन आली. पुस्तक बघून तिचा चेहरा पडला.

“तूच म्हणालीस ना आई, जूडाला वाचायला येत नाही, जरा त्याला घे. मग सकाळी तो. दुपारी जुळ्यांच्या बेरजा. माझं नंतर करेन म्हटलं, ते राहूनच गेलं.”

“अगं पण मला सांगायचंस की नाही?”

“सांगितलं होतं. तू म्हणालीस, आत्ता नको गं.”

म्हणाली असेल. म्हणालीच होती, मशीनमधले कपडे काढता काढता. कोरिननं डोळे पुसले. दर रविवारी चर्चमध्ये जेवताना हीच कोरिन चारचौघींत मिरवायची, “आमच्याकडे मोठी लहानांना शिकवते हो, मला बघावंसुद्धा लागत नाही!” बघावंसुद्धा लागत नाही! उंटावरून शेळ्या हाकल्या वर्षभर, आणि वर कौतुक स्वतःचं.

“आई, रडू नकोस. अजून वेळ आहे,” टॅबिथा म्हणाली. “मी पाच-सहा पानं पटकन सोडवते. त्यांवर फेब्रुवारीची नि मेची तारीख घालू. कुणाला कळतंय!”

आणि कोरिननं, देवाची लेक म्हणवणाऱ्या कोरिननं, बाळ आपल्याकडे घेतलं आणि म्हणाली, “बस मग.”

बाळाला आत झोपवून ती पाठ फिरवून केळ्याचा ब्रेड कापत राहिली. मागे पेन्सिल थोडा वेळ चालली, मग थांबली. खोडरबर चाललं. पुन्हा थांबलं.

“आई,” टॅबिथा अगदी हळू म्हणाली, जुळ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “यात क्ष दोन्हीकडं आलाय. अशा वेळी काय करतात?”

जूडाला अक्षर अक्षर लावून वाचायला शिकवणारी ही पोर, आणि तिला विचारायला घरात कुणी नव्हतं. कोरिनला सुरी खाली ठेवावी लागली. तिनं पुस्तकातलं ते फेब्रुवारीचं पान फाडलं, चुरगाळलं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

“राहू दे, बाळा. खोटं नको लिहूस. माझ्यासाठी तर नकोच नको.”

हाल्डमनबाई आल्या. आठ वर्षांच्या जूडानं त्यांना अख्खी गोष्ट धडाधड वाचून दाखवली, अडखळला म्हणून नाही. बाईंनी चष्मा काढला.

“गेल्या वर्षी या गड्याला दोन ओळी येत नव्हत्या! कुणी शिकवलं रे?”

“टॅबीनं!”

“वा! आणि टॅबीला कोण शिकवतं?”

जूडानं आईकडे बघितलं. जुळ्यांनी बघितलं. टॅबिथा तेवढी खाली बघत राहिली.

“कुणी नाही,” कोरिन म्हणाली आणि त्रेपन्नावं पान उघडून बाईंपुढे ठेवलं. “मी शिकवायचं होतं. मी नाही शिकवलं. तिची काही चूक नाही.”

बाईंनी कोरी पानं शेवटपर्यंत उलटली. मग तिघांच्या कागदांवर सह्या केल्या आणि टॅबिथाचा चौथा तसाच परत पिशवीत घातला.

“तीस तारखेला परत येते. सगळं होणार नाही, पण सुरुवात झालेली दिसू दे. आणि कोरिन, ब्रेड छान झालाय,” असं म्हणून त्या गेल्या.

कोरिन त्याच टेबलापाशी टॅबिथाशेजारी बसली. चोपन्नावं पान काढलं. पहिलं उदाहरण अर्ध्यावर आलं आणि आतून बाळानं भोकाड पसरलं. टॅबिथा खुर्चीवरून उठलीसुद्धा.

“बस,” कोरिननं तिचा खांदा धरला. “मी बघते. तू सोडव, मी येऊन तपासते.”

टॅबिथा बसली. पेन्सिल हातात घेतली, पण डोळे दाराकडे.

“नक्की येशील ना?” तिनं विचारलं.