पंप धाकट्याचा, चाकं थोरल्याची

जरा बाजूला सरकून उभे राहा. मी बोलायला लागलो की धुराड्यातून आधी काजळी उडते आणि मग शब्द बाहेर पडतात. मी एक जुना ट्रॅक्टर. माझ्या वयाचे बहुतेक सगळे भंगारात गेले, वितळले आणि आता कुणाच्या तरी खिडकीचे गज होऊन उभे आहेत. मी वाचलो. माणसांच्या शहाणपणामुळे वाचलो, असा गैरसमज करून घेऊ नका. मला त्यांच्या भांडणानं वाचवलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगाला नव्या रंगाचा वास होता आणि डोक्यात हवा. ज्यांनी मला घरी आणलं त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबा शिस्तीचे. चिखलाचे पाय घेऊन माझ्यावर चढायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मला दिवसभर चिखलात फिरवायचं आणि वर पाय मात्र स्वच्छ हवेत! पण माझ्यावर त्यांचा जीव होता, हे खरं. स्वतःच्या पोरांची नाकं त्यांनी कधी पुसली नसतील, माझं बॉनेट रोज पुसत.

पोरं दोन. थोरला आणि धाकटा. थोरल्याला मला चालवता येत होतं, पण त्याहून छान त्याला दुसऱ्याला चालवायला सांगता येत होतं. बांधावर उभं राहून तो ओरडायचा, "डावीकडे घे!" आणि धाकटा, जो आधीच डावीकडे घेत असायचा, तो चिडून उजवीकडे घ्यायचा. माझी नांगरट त्या काळात सापासारखी वाकडी दिसायची. लोक माझ्या स्टिअरिंगला दोष देत.

थोरल्याची बायको घरात आली आणि तिनं मला नाव दिलं. "हे आपले दुसरे मामंजी," ती म्हणाली. "सकाळी घसा साफ केल्याशिवाय हेही उठत नाहीत." बाबांच्या कानावर ते गेलं. ते दोन दिवस घसा न साफ करता उठले.

मग एके दिवशी बाबा उठलेच नाहीत. आणि घरात वाटणी निघाली.

जमीन मधोमध कापली. भांडी मोजून वाटली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. राहिलो मी. मला मधोमध कापता येत नव्हतं, यावर दोघांचं कसंबसं एकमत झालं. तेवढंच शेवटचं. मध्यस्थीला त्यांचे मामा आले. मामा पोटभर जेवले, लोळले, आणि उठून त्यांनी निवाडा दिला : एक हंगाम थोरल्याकडे, एक धाकट्याकडे.

"पहिला कुणाकडे?" दोघांनी एकदम विचारलं.

मामा चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, माझा डिझेल पंप खोलला आणि काखेत मारून घेऊन गेला. पंप म्हणजे माझं काळीज. थोरल्याला हे कळताच त्यानं माझी पुढची दोन्ही चाकं काढली आणि मला दगडांवर टेकवलं. तुला न मला, घाल कुत्र्याला, अशी म्हण आहे. इथं कुत्र्यालाही काही मिळालं नाही. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला खेटून अंगणातून तारेचं कुंपण गेलं. मी थोरल्याच्या बाजूला, माझी सावली दुपारनंतर धाकट्याच्या बाजूला.

पुढची कित्येक वर्षं दोघंही भाड्याचे ट्रॅक्टर बोलवायचे. भाड्यानं आलेले ते चकचकीत गडी माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मला माझ्या दगडांखाली शिरावंसं वाटे. दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. फार मोठी तत्त्वाची गोष्ट होती म्हणे. त्यांच्या बायकांना तत्त्व परवडण्यासारखं नव्हतं. नवरे शेतात गेले की दोघी जावा माझ्या मडगार्डापाशी कुंपणाच्या दोन बाजूंना येत. विरजण, सुईदोरा, पोरांच्या शाळेच्या बातम्या, सगळं तारेवरून इकडून तिकडे जाई. नवऱ्यांची चाहूल लागली की दोघी तोंडं फिरवून उभ्या राहत. हे सगळं मी ऐकलंय. दगडांवर टेकवलेल्याला कान मिटता येत नाहीत.

तिथंच मी ऐकलं की धाकट्याला अर्धांगाचा झटका आला, त्याला दवाखान्यात नेलंय. धाकटी जाऊ रडत होती. थोरली तारेतून हात घालून तिची पाठ चोळत होती.

थोरल्यानं धुतलेला शर्ट घातला, संत्र्यांची पिशवी घेतली आणि निघाला. दुपारी परत आला, पिशवीसकट. ती त्यानं माझ्या मडगार्डावर ठेवली आणि समोर बघत बसून राहिला.

बायकोनं विचारलं, "भेटलात?"

"त्यानं बोलावलं होतं का मला?" तो म्हणाला आणि आत गेला.

संत्री कोंबड्यांनी खाल्ली.

धाकटा घरी आला. पाय सुधारला, उजवा हात मात्र रुसल्यासारखाच राहिला. तो कुंपणापलीकडे खाटेवर बसून असायचा. थोरला इकडे पाठ करून बसायचा. असे दोन म्हातारे, आणि मधे मी, तिसरा.

माझं नशीब फळफळलं ते एका चक्कीवाल्यामुळे. गावच्या पिठाच्या चक्कीवाल्यानं आपलं जुनं इंजिन घासूनपुसून शहरातल्या जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात नेलं आणि पेपरात त्याचा फोटो आला. थोरल्यानं तो फोटो सकाळी पाहिला. दुपारी त्याला जेवण गेलं नाही. संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या सीटवरची कोंबडी उठवली.

"त्याच्या त्या पीठ दळायच्या डबड्याचा फोटो येतो," तो म्हणाला, "आणि आमच्या बाबांच्या ट्रॅक्टरचा येऊ नये?"

बाबांची आठवण माणसाला अशी येते. शेजाऱ्याचा फोटो आला की येते.

मिस्त्री आला. हा गृहस्थ पान्यापेक्षा जीभ जास्त चालवतो. त्यानं माझं बॉनेट उघडलं, आत डोकावला, कपाळावर हात मारला. "कुणा गाढवानं हात लावलाय हो याला?"

"तुम्हीच," थोरला म्हणाला. "बाबा असताना."

मिस्त्री क्षणभरही गडबडला नाही. "तरीच! काम पक्कं आहे. म्हणून तर नट निघत नाहीये."

माझं इंजिन जाम झालं होतं. मधला पिस्टन लायनरला, म्हणजे भोवतीच्या नळकांड्याला, असा चिकटला होता, जसा थोरला आपल्या हट्टाला. त्यात तेल ओतून ठेवलं, वाट पाहिली, पुन्हा ओतलं, मग लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हातोडीचे घाव. निघाला एकदाचा. रिंगांचे तुकडे झालेले. लायनर नवे आणले, क्रँक लेथवाल्याकडून पॉलिश करून आणला, वॉल्व्ह घासून बसते केले. माझे सुटे भाग घरातल्या धुतलेल्या चादरीवर मांडले होते आणि डिझेल गाळायला स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी गेली होती.

"मामंजी हयात असताना एवढे आडवे आले नव्हते," थोरली म्हणाली.

पण एक सांगतो. थोरला बदलला. बांधावरून हुकूम सोडणारा हा माणूस फरशीवर मांडी घालून एकेक बोल्ट रॉकेलात धुवायचा. मिस्त्री बोलत बसायचा, हा धूत बसायचा. कधी कधी हातातला बोल्ट तसाच राहायचा आणि त्याची नजर कुंपणापलीकडे जायची. पलीकडचा म्हातारा लगेच आभाळाकडे बघायचा, ढग मोजायला नेमल्यासारखा.

इंजिन बांधून झालं. पुढची चाकं आली. एकावर इतकी वर्षं थोरला विहिरीपाशी बसायचा, दुसऱ्यावर पाण्याचा हंडा असायचा. टायर नवे घातले. राहिला पंप. मिस्त्र्यानं भंगारातून एक आणला, तो बसेना. दुसरा आणला, तो बसला पण डिझेल सोडेना. शेवटी मिस्त्री म्हणाला, "याला याचाच पंप पाहिजे. नाहीतर प्रदर्शनात ढकलत न्या."

थोरल्याचं तोंड पडलं. "तो आता कुठला मिळायला! गंजून माती झाली असेल."

"काही माती झाली नाही," थोरली चहा ठेवत म्हणाली. "भावजींच्या माळ्यावर आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेला. दर पावसाळ्याआधी त्याला तेल देतात."

"तुला काय माहीत?"

"तेल इथूनच जातं."

थोरला उठला. मग आत गेला, शर्ट बदलला, पुन्हा बाहेर आला आणि कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. धाकटा खाटेवर होता, पायाशी कुत्रा.

"काही लोकांकडे म्हणे," थोरला कुंपणाच्या खांबाला म्हणाला, "दुसऱ्यांच्या वस्तू असतात."

धाकट्यानं कुत्र्याकडे पाहिलं. "ऐकलंस का रे? काही लोकांना कामापुरती आठवण येते."

"आठवण वस्तूची आहे. माणसाची नाही."

"ते कळलंच होतं मला. दवाखान्यात पडलो होतो तेव्हा कळलं."

कुत्रा कंटाळून उठला आणि निघून गेला. मध्यस्थ गेल्यावर दोघांची पंचाईत झाली.

"आलो होतो मी," थोरला म्हणाला.

"कुठं?"

"दवाखान्यात. गेटपर्यंत."

"गेट बंद होतं?"

"नव्हतं."

धाकट्यानं आपला उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "मी रोज दाराकडे बघायचो, दादा."

थोरल्यानं तारेचा एक काटा बोटानं दाबून पाहिला. टोचतो का ते बघत असावा.

"पंप मी बसवणार," धाकटा म्हणाला. "त्या वाचाळाला हात लावू देणार नाही."

"तुझा हात चालतो का?"

"माझा हात मी बघीन. येऊ की नको, तेवढं सांग."

"ये. येताना बारीक पाना आण. माझा सापडत नाही."

"तो माझाच होता."

"असू दे. आण."

धाकटा आला. उलटी बादली घालून माझ्या कुशीशी बसला. पंपावरची खूण आणि इंजिनावरची खूण जुळवल्याशिवाय पंप बसत नाही. ती त्यानं डोळे बारीक करून जुळवली. मग पाना लावला. उजव्या हातानं लावला, हट्टानं.

"उलटा फिरवतोयस," थोरला सवयीनं म्हणाला.

तो उलटा फिरवत नव्हता. तो फिरवतच नव्हता. बोटांत जोर नव्हता. पाना थरथरत होता आणि त्या थरथरीनं माझा पत्रा हलकेच वाजत होता. थोरल्याला ते ऐकू आलं. तो खाली बसला. धाकट्याच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला आणि दोन्ही हातांनी मिळून तो नट आवळला गेला. मग दुसरा. मग तिसरा. मिस्त्रीसुद्धा गप्प होता. ही घटना गावात कुणाला खरी वाटली नाही.

नळीतली हवा काढली, बटण दाबलं. मी खोकललो, पुन्हा खोकललो आणि इतक्या वर्षांचा काळा धूर एका दमात धाकटीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडला. पेटलो! जावा हसत सुटल्या. थोरला खिशात रुमाल शोधत होता. धाकटा माझ्या बॉनेटवर डावा पंजा टेकवून उभा होता, माझी धडधड त्याच्या अंगात जाईपर्यंत.

हा प्रेमळ प्रसंग चहा निवेपर्यंत टिकला. मग मला रंग कोणता द्यायचा यावरून दोघं भांडले.

प्रदर्शनात माझ्यावर दोघं बसले, कारण खाली उतरायला कुणी तयार नव्हता. धाकट्याच्या पायांखाली क्लच-ब्रेक आणि डाव्या हातात स्टिअरिंग, थोरल्याच्या हातात गिअर आणि तोंडात सूचना. "डावीकडे घे!" मी पाहुण्यांच्या मंडपात शिरलो. फुलांच्या कुंड्या गेल्या, एक खुर्ची गेली, भाषण करणारे गृहस्थ स्वतःहून गेले. बक्षीस पुन्हा चक्कीवाल्याला. पेपरातल्या फोटोत पुढे तो हसतोय आणि मागे माझं अर्धं चाक आणि दोन उघडी तोंडं दिसतात. थोरल्यानं ते कात्रण भिंतीवर लावलंय. खिळा बरोबर चक्कीवाल्याच्या नाकावर आहे.

आता मी पत्र्याच्या छपराखाली असतो. प्रकृती ठणठणीत. इंजिन असं चालतं की नव्या पोरांनी शिकावं. पण रोज सकाळी धाकटा येतो, कान लावतो आणि म्हणतो, "दादा, आवाज वेगळा येतोय."

"येतोय खरा," थोरला म्हणतो.

कसलाही आवाज येत नसतो. तरी बॉनेट उघडलं जातं, चादर अंथरली जाते, बादली उलटी होते. चांगले बसलेले नट सैल होतात, पुन्हा आवळले जातात. मधे दोन वेळा चहा येतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. संध्याकाळी दोघं म्हणतात, "उद्या परत बघायला पाहिजे."

माझ्या नटांचे आटे झिजत चाललेत हो. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात तर एवढं करा : भावाशेजारी बसायला इंजिन खोलावं लागत नाही, हे त्या दोघांना सांगा. मीच सांगितलं असतं. पण मी जरा तोंड उघडलं की दोघं पाने घेऊन धावत येतात.