युनितारिओ म्हणजे कोण?

तेओदोराबाईंच्या शाळेत रोज सकाळी मुली केसांना सरकारी पक्षाची लाल फीत बांधून उभ्या राहत आणि एका सुरात ओरडत, "संघराज्याचा विजय असो! रानटी युनितारिओंना मरण येवो!" त्या काळी ब्वेनोस आयरेसमध्ये फेदेराल, म्हणजे संघराज्यवादी पक्षाची सत्ता होती, आणि देवाच्या प्रार्थनेआधी हे म्हणावंच लागे.

एके दिवशी घोषणा संपली तरी छोटी रेमेदिओस खाली बसेना.

"बाई, युनितारिओ म्हणजे कोण?"

मुलींनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे वडील युनितारिओ म्हणून नदीपलीकडे मॉन्तेविदेओला पळालेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"चोर!" कुणीतरी म्हणालं.

"त्यांना शेपूट असतं!" ही पेत्रोना, पोलीस कमिशनरची मुलगी.

तेओदोराबाईंनी दाराकडे एक नजर टाकली. आजवर त्या गप्पच बसत आल्या होत्या. पण पोरगी नजर हलवेना.

"सगळ्या देशाचा कारभार एकाच राजधानीतून चालावा, असं ज्यांना वाटतं ते युनितारिओ. प्रत्येक प्रांतानं आपलं आपण बघावं म्हणतात ते फेदेराल. झालं. पाट्या काढा."

"एवढंच?" रेमेदिओस म्हणाली आणि बसली.

दुपारी कमिशनरची बायको फाउस्तिना स्वतः दारात उभी राहिली. बाई हातातली पाटी ठेवून उठल्या.

"काय शिकवलंत हो? पोरगी जेवताना बापाला विचारते, त्यांना शेपूट नसतं, तर मारायचं कशाला?"

"मी नुसता शब्दाचा अर्थ..."

"अर्थ सांगायचे दिवस आहेत का हे?" फाउस्तिना मटकन खाली बसली. बाईंनी माते, तो नळीनं ओढायचा कडवट पाल्याचा चहा, पुढे केला, तर तिनं नळी ओठाला लावली आणि तशीच खाली ठेवली. "हे आधी तिच्यावर खेकसले. मग नुसतेच ताटाकडे बघत बसले. बाई, माझा सख्खा भाऊ तिकडे मॉन्तेविदेओलाच आहे. घरात त्याचं नाव काढायची सोय नाही."

बाईंनी उठून दार लोटलं.

"पोरीनं रस्त्यात कुठेतरी ऐकलं, असं सांगितलंय मी ह्यांना," जाताना फाउस्तिना म्हणाली. "तुम्ही आता भरतकाम शिकवा. नुसतं भरतकाम!"

दुसऱ्या दिवशी मुली घोषणेसाठी उभ्या राहिल्या, तशा बाई म्हणाल्या, "रेमेदिओस, अंगणातून पाणी आण बरं."

मग तो रोजचाच नेम झाला. घोषणा संपली की ती घागर सांभाळत आत येई. आठवड्याभरानं घोषणेआधी पेत्रोना पुढे आली.

"बाई, मीपण जाऊ हिच्याबरोबर? घागर जड असते."

बाईंनी मान हलवली. दोघी अंगणात पळाल्या.