अकरा नंबरचा चिमटा

उंदीर पकडून माणसाला मान मिळतो, यावर मामांच्या सासरी कधी कुणाचा विश्वास बसला नाही. पण मिळत होता. संशोधन केंद्रातल्या बाई रानउंदरांचा अभ्यास करायच्या आणि गेली बावीस वर्षं त्यांचे सापळे लावायचे ते मामाच. हे उंदीर म्हणजे हाडाचे गवंडी. झुडपाखाली काड्याकुड्यांचा कंबरेएवढा ढीग रचतात, त्यात बाटल्यांची झाकणं, तुटकी बटणं, सापडेल ते खोचतात. एका ढिगात मोठा उंदीर एकच. दुसरा आत शिरला की मारामारी.

संध्याकाळी ढिगाच्या तोंडाशी सापळा लावायचा, आत मूठभर दाणे. सकाळी सापडलेला उंदीर पिशवीत घालायचा आणि पिशवीला त्या सापळ्याच्या नंबरचा चिमटा लावायचा, कपडे वाळत घालायचा असतो तोच. बाई वजन करायच्या, मग ज्याला त्याला आपापल्या घरी सोडायचं. "मामांचा चिमटा चुकत नाही," असं बाई पाहुण्यांना सांगायच्या. मामा तेव्हा उगाच दुसरीकडे बघायचे.

त्या सकाळी दवानं मामांचे मोजे चिंब भिजले. वजन झालेल्या दोन पिशव्या गाडीजवळ होत्या. मामांनी त्यांच्या तोंडांना पीळ दिला, अकरा आणि सतराचे चिमटे काढले आणि मोजे गाडीला बांधलेल्या दोरीवर टांगले. दोन मिनिटांचा तर प्रश्न. मोजे काही वाळले नाहीत. चिमटे मात्र अंदाजानं परत लागले.

सतराच्या ढिगाशी पिशवी उघडली, तर बाहेर आली अकराची मादी. सड सुजलेले, पाजती. म्हणजे घरी पिल्लं होती. या उंदरांची पिल्लं आईला दातांनी अशी चिकटतात की ती त्यांना फरफटत फिरते. पण काल ती त्यांना घरी सोडून दाण्यांसाठी बाहेर आली होती. आता ती बावचळून भलत्याच झुडपात पळाली, आणि तिचं घर कोरड्या ओढ्यापलीकडे, तीनशे पावलांवर. मामांनी दुसऱ्या पिशवीतला म्हातारा नर गुपचूप तिथंच सोडला. तो तर तिथलाच होता.

"सगळे घरी पोचले?" बाईंनी विचारलं.

"पोचले," मामा म्हणाले. बावीस वर्षांत बाईंशी हे पहिलं खोटं.

दुपारी ते ताटातलं नुसतं चिवडत बसले. मामी म्हणाल्या, "कुणाचं घर बुडवून आलात?" मग मामांनी सगळं सांगितलं, मोज्यांसकट.

"मग आत्ता जा आणि बाईंना सांगा. त्या काय खातात का तुम्हाला?"

"येईल तिची ती. जनावराला वाट कळते."

"तिला कळते हो. तुमचं काय?"

मामांनी हात धुतला. सकाळी सांगू, म्हणाले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. बाईंच्या तोंडून ते वाक्य पुन्हा कधी ऐकू येणार नाही, एवढीच भीती. एवढ्याशा मोठेपणासाठी माणूस काय काय करतो बघा.

संध्याकाळी सापळे लावताना बाई बरोबर होत्या. अकराचा सापळा वगळला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं, म्हणून मामांनी तोही लावला. वर दाणे दुप्पट घातले. बिचारी परत आली तर उपाशी असेल, तेवढंच आपल्याकडून.

सकाळी अकराचं दार पडलेलं होतं. आत तीच. ओढा ओलांडून, वाट काढून, स्वतःच्या दारापासून दोन वितींवर येऊन अडकलेली. दाणा एकही उरला नव्हता.

बाई मागून आल्या. "ही तर कालचीच. कालच्यापेक्षा केवढी उतरलीय."

"बाई, काल चिमटे मी बदलले," मामा म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सापळा उघडला. मादी ढिगात शिरली. थोड्या वेळानं एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, ते दारात ठेवलं आणि आत गेली. मग दुसरं आणलं. दोन्ही हलत नव्हती.

"ही गाभण असताना तुम्ही पोट चाचपून किती मोजली होती?" मामांनी विचारलं.

"तीन."

दोघं बराच वेळ वाट बघत बसले. तिसरं तिनं बाहेर आणलं नाही.

"म्हणजे ते जिवंत आहे," बाई म्हणाल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "काल दुपारी बोलला असतात, मामा, तर हा सापळा लावलाच नसता. ती रात्रीच पोचली असती."

मामांनी रिकामा सापळा उचलला. सापळ्यात त्यांनी घातलेले दुप्पट दाणे तिनं खरंच सगळे खाल्ले होते.