भात न खाणारी विहीण

फ्लेक्सवरची अमुदा बारीक होती आणि खरी अमुदा नव्हती. एवढं म्हटलं की तमिळनाडूतल्या कांगेयम गावात पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

तिच्या नवऱ्याचं, कदिरवेलचं, बसस्टँडसमोर घाण्याच्या खोबरेल तेलाचं दुकान. अमुदाने भात, इडली, साखर सगळं सोडलं, वर्षभर अंडी, पनीर, लोणी आणि बदामांवर दिवस काढले आणि अंगावरचं तीसेक किलो उतरवलं. गडी इतका खूष झाला, की तिला न विचारताच दुकानाच्या माथ्यावर तिचे दोन फोटो लावून मोकळा झाला. डावीकडे जुनी अमुदा, गालांत डोळे बुडालेली. उजवीकडे नवी, साडी चापूनचोपून नेसलेली, मान ताठ. खाली हातभर अक्षरांत, 'भात सोडला, आयुष्य मिळालं.' लोक थांबून बघायचे आणि जाताना तेलाची बाटली न्यायचे. मोबाइलवरच्या पेलिओ, म्हणजे भात-साखर सोडलेल्यांच्या, ग्रुपात ती सगळ्या बायांची अमुदाक्का झाली. कुणाला केस गळतात, कुणाला बद्धकोष्ठ, सगळ्यांचं निवारण अक्का करणार.

आणि मग वजन परत यायला लागलं.

ते कसं आलं, हे एकदाच सांगून टाकू या, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. थोडं तिच्या हातानं आलं. कदिरवेलशी वाजलं की ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तुपात परतलेले बदाम मूठमूठ तोंडात टाकायची आणि यात भात नाही ना, असं स्वतःला बजावायची. पण बाकीचं कुठून आलं ते देव जाणे. पाळी गेली, थायरॉइड बिघडलं, झोप उडाली. खाणं तेवढंच, चालणं पूर्वीपेक्षा जास्त, आणि काटा आपला वर वर. उतरवलेल्यातलं निम्मं अंगावर परत येऊन बसलं. शेवटी एक दिवस तिने वजनकाटा पलंगाखाली ढकलला आणि वरून चादर जमिनीपर्यंत ओढून घेतली.

काटा लपवता येतो. फ्लेक्स कसा लपवायचा?

"अक्का, वरती ती तुमची धाकटी बहीण का हो?" दुकानाच्या कोपऱ्यावरची फूलवाली गजरा मोजता मोजता विचारायची. अमुदा हसायची. न हसून सांगते कुणाला! मग ती मागच्या गल्लीने, गुरांच्या गोठ्यावरून, चिखल तुडवत घरी जायला लागली. ग्रुपात बायका दर आठवड्याला आपला फोटो टाकायच्या आणि अक्कांचा मागायच्या. अक्का अंड्यांचा फोटो टाकायची.

"अहो, तो फ्लेक्स काढा. पाया पडते तुमच्या," ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

"काढून काय लावू? तुझा आजचा फोटो?" तो फटकन बोलून गेला. मग जरा ओशाळला. "अगं, धंदा आहे. तूच का नाही परत उतरवत? एकदा जमलं तसं."

एकदा जमलं तसं. हे ऐकलं की तिला वाटायचं, कुणीतरी बाहेरून कडी घातली. वर फ्लेक्सवर एक बारीक बाई होती आणि तिला बघायला सगळा गाव जमला होता, आणि ही जाडी मात्र आपल्याच घरात चोरासारखी वावरत होती.

मग हे पथ्य सोडत का नव्हती? सासूपासून सगळे विचारून दमले. फुकटचा हट्ट, आलं ना सगळं परत, खा की चार घास सुखाने!

तर साखरेमुळे. भात सोडायच्या आधी अमुदा सकाळ-संध्याकाळ पोटाला इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची. तिच्या आईलाही हीच साखर होती. आधी तिचा अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय, आणि मग ती सगळीच गेली. अमुदाने भात सोडल्यावर काही महिन्यांत डॉक्टरांनीच तिची सुई बंद केली. आणि गंमत बघा, वजन परत आलं तरी सुई परत आली नाही. "वजनाचं बघू नंतर," डॉक्टर म्हणाले होते, "पण तुमचं रक्त बघून मला आनंद होतो. हे सोडू नका." मधे एका पोंगलच्या सणाला मोह झाला, दोन दिवस तिने गोड पोंगल आणि भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी बोट टोचून यंत्रातला आकडा बघितला आणि न्हाणीघरात जाऊन रडली. तेव्हापासून तिला पक्कं कळलं होतं की तिच्यापुढे दुसरी वाट नाही. पण रक्तातली साखर फोटोत दिसत नाही. गावाला दिसतो तो दंड आणि पोट.

अशात लेकीचं लग्न जमलं. कयल कोइमतूरला नोकरीला होती, मुलगा तिच्याच ऑफिसात. चांगला मुलगा, चांगलं घर. आता अख्ख्या कोंगुनाड मुलखात दुसरा कुठला धंदा नव्हता का? पण नाही. मुलाच्या घरची भाताची गिरणी!

घर बघायला आणि जेवायला बोलावणं आलं. गाडीत बसल्या बसल्या कदिरवेलने सुरुवात केली.

"हे बघ, आज तुझी नाटकं नकोत. एक दिवस भात खाल्लास तर मरणार नाहीस."

"अम्मा, प्लीज गं," शेजारून कयल म्हणाली. "त्यांची गिरणी आहे."

"वाढून घेईन थोडा," अमुदा म्हणाली. खाईन असं ती म्हणाली नाही, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

होणारी विहीण सेल्वनायकी दारातच उभी होती. उंच, सावळी, कानांत हिऱ्याच्या कुड्या. तिने अमुदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या, या. फ्लेक्सवर बघितलेलं ना तुम्हाला, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला."

लागलं ते अमुदाला. पण लेकीची आई, काय बोलणार? ती हसत आत गेली.

ओसरीवर समोरासमोर दोन पंगती बसल्या, केळीची पानं मांडली. पाच भाज्या, वडा, पापड, पायसम. भात वाढायला सेल्वनायकी स्वतः आली.

"आमच्या गिरणीचा सीरग सांबा. हा विकत नाही आम्ही, घरापुरताच."

जिऱ्यासारखा बारीक दाणा, वाफाळलेला, सुटा सुटा. नको नको म्हणेपर्यंत पानावर ढीग पडला, त्यावर तूप, त्यावर सांबार. त्या वासाने अमुदाच्या तोंडाला असं पाणी सुटलं म्हणता! कोण म्हणतं तिला भात आवडत नव्हता? लहानपणापासून ती भातावरच वाढली होती, झोपेतसुद्धा तिला भात दिसायचा. तिने बोटांनी भात कालवला, पसरला, परत गोळा केला. कोबीची भाजी खाल्ली, पडवळाची खाल्ली, भाताला मात्र हात लावून हात काढून घेतला. सेल्वनायकी दाराला टेकून पंगतीवर नजर ठेवून होती.

दोन्ही पंगतींची जेवणं उरकत आली. आता सगळे एकदम उठणार, आणि हिच्या पानात भाताचा डोंगर तसाच! आधी झाकावं, मग बघू, एवढंच अमुदाला सुचलं. तिने पानाची आपल्याकडची कड धरली आणि घाईघाईत भातावरून पलीकडे उलटून दाबली.

समोर बसलेल्या मुलाच्या आत्याआजीचा हात कपाळाला गेला.

"अय्यो! पान कसं मिटलंस गं बाई? इथे कोण मेलंय?"

मंगलकार्यात पान आपल्या बाजूला मिटायचं, पुन्हा यायचं आहे म्हणून. पलीकडे मिटतात ते मयताच्या जेवणात. तीन वर्षांच्या पोरालाही हे कळतं, आणि अमुदाच्या हातून नेमकं हेच झालं, तेही लेकीच्या होणाऱ्या सासरी. सेल्वनायकी आली, वाकली आणि तिने पान उघडलं.

"एक घास नाही," ती म्हणाली. "आमच्या भातात विष कालवलंय का, विहीणबाई?"

"छे छे, काय बोलता!" कदिरवेल ओशाळं हसला. "तिचं ते पेलिओ चालू असतं ना..."

"पेलिओ? अहो, पण वजन तर परत आलंय की!"

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. अमुदाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं. पण जमीन कसली दुभंगते! मागे भिंत होती, पुढे पान होतं.

"दुसरं पान मांडा," आत्याआजीने फर्मावलं. "नीट जेवू दे, नीट मिटू दे. असलं अभद्र तसंच टाकून उठायचं नाही."

दुसरं पान आलं. पुन्हा भात, पुन्हा तूप. पंगत उठली पण गेली कुणी नाही. सगळे खांबांना टेकून उभे राहिले, सर्कशीतली हत्तीण जेवताना बघावं तसे. कदिरवेल कानाशी लागला. "खा. पाया पडतो तुझ्या, खा." कयल तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे भरले होते.

"अम्मा, खा ना गं. आलंच आहे ना सगळं परत? मग वाचवतेस तरी काय?"

फूलवाली बोलली, नवरा बोलला, विहीण बोलली, ते सगळं एकीकडे. हे लेकीचं बोलणं मात्र काळजात गेलं. अमुदाने घास उचलला. खरंच, एका घासाने काय होतंय? काही होत नाही. पण घासामागून पायसम येणार, मग लग्न, मग जावयाची मेजवानी, मग दिवाळसण, आणि दर वेळी कुणीतरी नवं पान मांडून शेजारी रडत बसणार. तिने घास परत पानावर ठेवला.

"कयल, तुझ्या वेळी बाळंतपणाला मी माझ्या आईकडे गेले होते," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "आईने मला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. तर मी ओली बाळंतीण तुला पाळण्यात रडत ठेवून तिच्या कापलेल्या पायाचं ड्रेसिंग करत होते. तिला उठता येत नव्हतं. तुला मांडीवर घ्यायची तिची हिंमत नव्हती, पडशील म्हणून. पहिली नात, आणि ती लांबूनच बघायची."

लग्नाआधी बाळंतपणाच्या गोष्टी, त्याही वराकडच्यांसमोर! कदिरवेलने डोळे मिटून घेतले.

"वजन आलंय. मी जाडी आहे, ते आंधळ्यालाही दिसतंय. पण सुई नाही आली परत. तुझं बाळंतपण मला माझ्या दोन पायांवर उभं राहून करायचंय. ते वाचवतेय मी. विहीणबाई, तुमच्या भाताचा वास घेऊन माझा जीव गोळा झालाय, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मी तो खाणार नाही."

सेल्वनायकीच्या हातातला भाताचा डाव तसाच अधांतरी राहिला.

कयलने नाक पुसलं. मग तिथेच मांडी ठोकली, आईचं पान आपल्याकडे ओढलं आणि भात खायला लागली. नुकतीच पोटभर जेवून उठलेली पोर मोठे मोठे घास गिळत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण थांबायला तयार नव्हती. होणाऱ्या सासूसमोर हे असं! आत्याआजी म्हणाली, "असं कुठे असतं का?"

सेल्वनायकी बघत राहिली.

"मुलीचं पोट भरलं नव्हतं वाटतं," ती कोरडेपणाने म्हणाली आणि वाढप्याकडे वळली. "विहीणबाईंना कोबीची भाजी आण. आणि ताक दे."

मायलेकी एका पानावर जेवल्या. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत अमुदाने भाजी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. तिला ती गोडही लागली नाही आणि कडूही लागली नाही. मग तिने पानाची पलीकडची कड धरून पान आपल्याकडे मिटलं आणि उघडू नये म्हणून वरून तळहाताने दाबून धरलं.

निरोप घेताना सेल्वनायकीने कुंकू लावलं, फुलं दिली, पण मुहूर्ताचा विषय काढला नाही. गाडी हमरस्त्याला लागल्यावर कदिरवेल एवढंच म्हणाला, "तारखेचं काही बोलल्या नाहीत त्या." कुणी अमुदाची पाठ थोपटली नव्हती, थोपटणारही नव्हतं. उद्या पुन्हा तीच अंडी, तोच पलंगाखालचा काटा, तीच मागची गल्ली.

मागच्या सीटवर कयल सरकत सरकत तिच्याजवळ आली आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. भाताने तिला गुंगी आली होती.

"अम्मा," ती डोळे मिटूनच पुटपुटली, "मधे तू बारीक झाली होतीस ना, तेव्हा इथे हाड टोचायचं."

लेकीला नीट टेकता यावं म्हणून अमुदाने खांदा थोडा खाली केला.