वन्संची वकिली

वाटाण्याच्या शेतात खुरपणी चालली होती आणि बांधावर आत्याबाई शेजाऱ्याला धुऊन काढत होत्या. त्याच्या कोंबड्यांनी रोपं उकरली होती. ऊन कलायच्या आत शेजाऱ्याने माफी मागितली, कोंबड्या डांबायचं कबूल केलं, वर टोपलीभर अंडी दिली. आत्याबाईंनी अंडी ठेवून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांची भावजय खाली मान घालून खुरपत होती. तिच्या मनात आलं, पोरीसाठी शाळेत न्यायचं तर वन्संनाच न्यावं.

पोरगी दुसरीत होती आणि डोकं भलतंच चालायचं. दुसरीचं पुस्तक तिने कधीच फस्त केलं होतं. मग करायला काही उरेना, म्हणून भिंतीपलीकडच्या चौथीकडे कान लावून बसायची. गुरुजींनी चौथीला गणित घातलं की उत्तर दुसरीतून ओरडून यायचं. शेवटी दुसरीच्या बाईंनी तिला व्हरांड्यात बसवलं. काल ती घरी येऊन म्हणाली, "आई, मी उद्यापासून शेळ्यांमागं जाते. त्या तरी गप्प बस म्हणत नाहीत."

शाळेत जाऊन बोलायलाच हवं होतं. पण आई स्वतः चार माणसांत तोंड उघडणारी नव्हे. म्हणून तिने वन्संना सगळं सांगितलं.

"तू कशाला घाबरतेस?" आत्याबाई म्हणाल्या. "त्या हेडमास्तराला पळता भुई थोडी करते."

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. वारं सुटलं होतं, तोंडात धूळ जात होती, तरी आत्याबाई रस्ताभर हातवारे करून भांडणाची तालीम करत होत्या.

हेडमास्तरांच्या खोलीत खडूचे खोके आणि मोडके बाक रचलेले. त्यांतून वाट काढत हेडमास्तर उठून उभे राहिले.

"पोरीबद्दलच ना? मीच निरोप धाडणार होतो. हुशार आहे हो! चौथीत बसवू."

आत्याबाईंचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. एवढी तयारी केलेली, आता तिचं करायचं काय?

"लगेच हो?" त्यांनी डोळे बारीक केले. "दुसरीला जड झाली होय? म्हणून पुढे ढकलताय!"

"तसं नाही हो बाई..."

"एवढीशी पोर! चौथीतले दांडगे तिला चेंगरतील, त्याचा विचार केलाय?"

हेडमास्तर विचारात पडले. "हेही खरंच. मग राहू दे दुसरीत."

"बरी राहू दे! डोकं गंजवायचंय का पोरीचं?"

"मग तिसरीत?"

"मधलं काढता? हा काय गुरांचा बाजार आहे?"

पोरीने दारातून डोकं आत घातलं. "आत्या, तू मघाशीच जिंकली होतीस."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!"

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "बाई, असं करू. पुढच्या वर्षी बघू."

वर्षभर व्हरांड्यात बसली तर पोरगी कायमचीच शाळा सोडेल. आई उठली, पोरीचा दंड धरला आणि तरातरा चौथीच्या वर्गात शिरली. पहिल्या बाकावर दोन पोरं ऐसपैस पसरली होती.

"सरका रे," ती म्हणाली. पोरं सरकली. पोरगी बसली.

"गुरुजी, ही आता तुमची."

जन्मात ती इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. तिला मजाही वाटत होती.

गुरुजींनी फळ्याकडची मान वळवली. "ही होय! बरं झालं. आता निदान हात वर करून उत्तर देईल."

ती परतली तोवर आत्याबाईंचं भांडण शाळेच्या गळक्या छपरावर पोचलं होतं.

"चौथीत बसली ती," आईने सांगितलं.

"बसली ना?" हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. "बसू दे! आता तिला उठवू नका कोणी!"

घरच्या वाटेवर आत्याबाईंची मान ताठ होती.

"बघितलंस, कसा नमवला? आणि तू बसलीस मुक्यासारखी. शिक जरा माझ्याकडून."

आईला इतकं हसू येत होतं की पाऊल उचलेना.

"शिकतेय ना, वन्सं," ती म्हणाली.