चाळीस फ्रिज आणि एक निळी पेटी

मी एक जुनी, निळ्या रंगाची लसीची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात बर्फाच्या चार डब्या बसतात. झाकण नीट लावले तर लस दोन दिवस थंड राहते. वीज लागत नाही. एवढाच माझा गुण, पण तो वेळेला उपयोगी पडला.

दूरच्या एका श्रीमंत देशात मला घडवले, कपाळावर ‘मैत्रीची भेट’ असा कागद डकवला आणि कझाकस्तानच्या गवताळ माळावरच्या एका गावात पाठवून दिले. माझ्यासोबत एक मोठा फ्रिजही आला. गावात तेव्हा वीज दिवसाला एक तास, तीही लहर आली तर. दवाखान्यातल्या परिचारिका राउशान आपांनी आभाराचे पत्र लिहिले, ‘फ्रिज फार उपयोगी पडतो.’ ते खरेच होते. त्यात तीन कोंबड्या अंडी घालत.

लस मात्र मी वाहिली. घोड्यावर, मोटारसायकलवर, एकदा उंटावरही. सुई टोचली की आपा पोराच्या तोंडात कुर्त घालत. कुर्त म्हणजे दह्याची वाळवलेली खारट गोळी. ती इतकी टणक, की तोंडात असताना भोकाड पसरता येत नाही.

मग देशात तेलाचा पैसा आला. गावात डांबरी रस्ता आला, चोवीस तास वीज आली, नवा फ्रिज आला. मी कपाटावर गेले. पाच वर्षे माझ्या डोक्यावर कुंडी होती.

एका सप्टेंबरात राजधानीतून दौरेन आला. याच गावचा मुलगा, आता मदत खात्यात साहेब.

“आपा, आता आपण घेणारे नाही, देणारे,” तो म्हणाला. “ताजिक डोंगरांतल्या गावांना चाळीस फ्रिज पाठवतोय. मदत मिळालेल्या जुन्या परिचारिकेचं शिफारसपत्र लागतं. सही तेवढी करा.”

“तिथं वीज आहे का रे?”

“फॉर्ममध्ये तो रकाना नाही.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारलं ना. तिथल्या परिचारिका म्हणाल्या, द्याल ते डोक्यावर घेऊ.”

“मीही असंच लिहिलं होतं,” आपा म्हणाल्या. “कोंबड्यांच्या वतीनं.”

त्यांनी यादीतल्या सगळ्यांत वरच्या गावाला फोन लावला. तिथली परिचारिका सफरगुल.

“बाई, खरं सांग. वीज किती असते?”

“आपा, दिवा आहे. वसंतात एकदा लागला होता.”

“आणि लस?”

“खालून आणते. गाढवावर, दीड दिवस. पोचेपर्यंत कोमट होते. तीन आठवड्यांत घाट बर्फानं बंद होईल, आणि एकोणीस पोरं राहिलीत टोचायची.”

“मग फ्रिज हवा कशाला म्हणालीस?”

“नको म्हटलं तर पुढच्या वर्षी कोण विचारतंय?”

दौरेन हे ऐकत होता. त्याने यादी घडी करून खिशात घातली. “फ्रिजऐवजी पेट्या मागवतो. पण त्यांना दोन महिने लागतील.”

“ही आहे की,” म्हणत आपांनी माझ्यावरची कुंडी उचलली.

“जुनी वस्तू? देशाची भेट म्हणून?”

“लसीच्या वेळी टेबलाखाली लपून माझ्या अंगठ्याला चावणारा पोरगा आज देशाचं नाव सांभाळतोच आहे ना? मग हीही सांभाळेल. आणि रिकामं भांडं आपण कुणाला देत नाही.”

त्यांनी मला घासले, पुसले आणि काठोकाठ कुर्त भरले. दौरेनने जुन्या कागदावर आपल्या देशाचा कागद डकवला. दोन्हींवर मजकूर एकच.

घाट बंद होण्याआधी चार दिवस मी सफरगुलच्या हाती पडले. कुर्त पिशवीत ओतून ती मला घेऊन खाली उतरली. परतताना गाढव दोनदा बसले, पण बर्फ टिकला. एकोणीस पोरांना लस मिळाली. एकालाही ओरडता आले नाही.

वसंतात नव्या पेट्या आल्या. कुर्ताची पिशवी आपांकडे परत गेली, ती सुक्या जर्दाळूंनी भरून. चाळीसपैकी एक फ्रिज मात्र आधीच निघाला होता, तोही इथे पोचला आहे. त्यात चार कोंबड्या आहेत.

मित्रांनो, कुणाला काही द्यायचे असेल तर दोनदा विचारा. पहिले उत्तर भिडेचे असते. आणि माझे झाकण तेवढे घट्ट लावत जा.